जोतं किती उचलायचं

घर बांधायला काढलं की सल्ले फुकट मिळतात, हे मला माहीत होतं. पण सगळ्या जगाचा सल्ला एकच असतो आणि तो म्हणजे 'अजून थोडं वर घ्या', हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्या पहिल्याच दिवशी ठेकेदाराला चहा न पाजता परत पाठवलं असतं.

नागपूरच्या बाहेर, बेसाच्या पुढे एका लेआउटमध्ये आमचा प्लॉट आहे. जमिनीचा भाव कुणी विचारत नव्हतं त्या काळात नवऱ्याने तो घेऊन ठेवला होता आणि मग आम्ही दोघंही तो विसरलो होतो. तो बँकेत, मी शाळेत, आणि राहायला शहरात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, जिना अंधारा आणि पायऱ्या उंच. आमचं त्यामुळे काही अडलं नव्हतं. अडलं ते आई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं सगळं आयुष्य खाप्याला गेलं. कान्हन नदीकडे जाणाऱ्या गल्लीत घर, आणि घराला रस्त्याला लागूनच ओटा. ओट्यावर त्या बसायच्या आणि येणारा-जाणारा माणूस टेकायचा. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची म्हैस आटली, कान्हनला पाणी किती आलं, सगळं त्यांना ओट्यावर बसल्या जागी कळायचं. सासरे गेले आणि नवऱ्याने त्यांना नागपूरला आणलं. वर्षभरात त्यांचे गुडघे बसले. आधी कठडा धरून उतरायच्या, मग माझा खांदा धरून, आणि मग उतरायच्याच बंद झाल्या. डॉक्टरकडे न्यायचं असलं की खालच्या मजल्यावरची दोन माणसं बोलवायची आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना उतरवायचं. खुर्ची वाकडी झाली की त्या डोळे मिटून घ्यायच्या. तोंडातून शब्द काढायच्या नाहीत.

बाकी सगळा वेळ गॅलरीत. गॅलरीला जाळी, आणि जाळीतून खाली दिसायची ती माणसांची डोकी. आमच्या बिल्डिंगमधली माणसं आईंना चेहऱ्याने ओळखू येत नसत, डोक्यावरून येत. टक्कल पडायला लागलेला तो तळमजल्याचा, मधोमध भांग पाडणारी ती दूधवाली. त्या वरून हाका मारायच्या, पण गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जायच्या नाहीत. एका दुपारी मी शाळेतून आले तर त्या जाळीला कपाळ टेकून बसलेल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, मले खाली ठेवा वं कोठी तरी. इथं माह्या पायाले मातीच लागत नाई."

त्या रात्री नवरा जेवला नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्लॉटचे कागद काढले. घर बांधायला काढलं ते एवढ्यासाठी. आईंना खाली ठेवायचं म्हणून. हे मी इथे मुद्दाम ठळक लिहून ठेवते, कारण पुढे एकेक करून सगळे ते विसरले.

सुरुवात मात्र छान झाली. आमच्याकडे मुहूर्त-बिहूर्त पाहत नाहीत. रविवारी सगळ्यांना सवड होती, तोच मुहूर्त. ठेकेदाराने नारळाचं विचारलं, नवऱ्याने हसून नको म्हटलं. आम्ही मेणबत्त्या लावल्या, बुद्धवंदना घेतली, सगळ्यांना बुंदी वाटली. आईंना त्या दिवशी खुर्चीतून उतरवून, ऑटोत बसवून प्लॉटवर आणलं होतं. मिस्त्रीने आधीच चुन्याच्या फक्कीने जमिनीवर घर आखून ठेवलं होतं. पांढऱ्या रेषांची चौकोनी घरं, आणि जिथे दार येणार तिथे रेष तोडलेली.

आई काठी टेकत उठल्या. कुणाचा हात घेतला नाही. रेषेवरून पाय टाकून सरळ आत जाता आलं असतं, पण त्या वळसा घालून रेष तुटली होती तिथे गेल्या आणि दारातून आत शिरल्या.

"माही खोली कोनती?"

नवऱ्याने समोरची दाखवली. त्या तिच्या मधोमध उभ्या राहिल्या, चहूकडे पाहिलं, मग दारातून बाहेर, अंगणाच्या जागेतून थेट रस्त्यावर. तिथून आम्हाला म्हणाल्या, "पाहा, आली का नाई मी बाहेर!" आणि हसल्या. मी त्यांना इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. माझे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, झालं आपलं घर. बाकी राहिलं ते विटा-सिमेंटचं काम.

बाकी राहिलं ते विटा-सिमेंटचं काम असं ज्याला वाटतं त्याने कधी घर बांधलेलं नसतं.

आमच्याकडची जमीन काळी. कापसाला सोन्यासारखी, घराला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची भिंत तिच्यासोबत हलते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. खोदलं. मुरूम लागेना. अजून खोदलं. मग ठेकेदाराच्या माणसांकडे लग्न निघालं आणि सगळे गावाला गेले. परत आले तर खड्ड्यांच्या कडा ढासळलेल्या. पुन्हा माती काढली. मग लोखंड आलं तर रेती नाही, रेती आली तर मिस्त्री नाही. ठेकेदाराकडे दोन फोन होते आणि दोन्ही उचलायचे नाहीत असा त्याचा नेम होता. हे सगळं मी सहन केलं. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावंच लागतं अशी माझी समजूत काढली गेली होती. पण पाया जमिनीबरोबर आला आणि ठेकेदाराने तो प्रश्न विचारला. अर्थातच नवऱ्याला. मी शेजारी उभी होते, पण ठेकेदार 'म्याडम' असं मला म्हणायचा आणि पाहायचा नवऱ्याकडे.

"म्याडम, प्लिंथ किती घेऊन राहिले तुम्ही?"

प्लिंथ म्हणजे जोतं. घर जमिनीपासून किती वर उचलायचं ते. आमच्या नकाशात ते वीतभर होतं, म्हणजे एक बुटकी पायरी. इंजिनिअरला मी स्वतः समोर बसून सांगितलं होतं, आमच्या आईंना पायरी चढता येत नाही, म्हणून. त्याने मान हलवून तसं काढून दिलं होतं. ठेकेदाराने तो कागद पाहिला, हसला आणि आपल्या मिस्त्रीला दाखवला. मिस्त्रीही हसला.

"सर," ठेकेदार म्हणाला, "हे घर नाई, डबकं होईन. सिमेंट रोड आला का सगळं पाणी तुमच्या घरात."

नागपुरात राहणाऱ्याला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. आपण घर बांधतो तेव्हा रस्ता मातीचा असतो. मग त्यावर गिट्टी येते, गिट्टीवर डांबर, डांबरावर पुन्हा डांबर, आणि शेवटी सिमेंट. खालचं काही कुणी काढत नाही. रस्ता चढत जातो आणि घर जिथल्या तिथे राहतं. आमच्या समोरच एक रिटायर्ड काका राहत. त्यांचं घर लेआउटमधलं सगळ्यांत जुनं. त्यांच्या फाटकातून आत जायचं तर आता उतरावं लागतं. काका नवऱ्याला हाताला धरून घरात घेऊन गेले आणि भिंतीवरचा पाण्याचा डाग दाखवला. त्यावर रंग दिला होता तरी तो वर आला होता.

"इथवर आलं होतं पाणी. दिवाण तरंगून राहिला होता दिवाण! तुम्ही मोकळे आहात अजून, उचला जितकं उचलता येते तितकं."

नवरा परत आला तो वेगळाच चेहरा घेऊन. त्या दिवशी आमचं जोतं वीतभरावरून गुडघ्यापर्यंत गेलं.

मी म्हटलं, "अन् आई?"

"गुडघाभर तं हाय. धरून चढवू आपण."

मग डावीकडच्या प्लॉटवर काम सुरू झालं. तो माणूस आम्हाला भेटायला आला, गोड बोलला, चहा प्यायला, आमचं जोतं कुठवर येणार ते पाहून गेला आणि आपलं मांडीपर्यंत घेतलं. नवऱ्याला ते कळलं तेव्हा तो जेवता जेवता उठला. शेजाऱ्याचं घर उंच म्हणजे त्याच्या अंगणातलं पाणी आपल्याकडे येणार, हे एवढं साधं गणित. म्हणून आमचं त्याच्याहून चार बोटं वर. म्हणून त्याचं आमच्याहून चार बोटं वर. समोरासमोर दोघंही एकमेकांना 'भाऊ, भाऊ' म्हणायचे. नवऱ्याने बाजारातून पाण्याची पारदर्शक नळी विकत आणली, मिस्त्री लोक लेव्हल पाहायला वापरतात ती. दर रविवारी तो प्लॉटवर जायचा, नळीचं एक टोक मिस्त्रीच्या हातात द्यायचा, दुसरं स्वतः धरून शेजारच्या विटांपाशी, काकांच्या फाटकापाशी, चौकातल्या नालीच्या काठापाशी उभा राहायचा आणि डोळा बारीक करून पाणी कुठे थांबतं ते पाहायचा. ज्या माणसाने घरातली वाकडी तसबीर कधी सरळ केली नाही, त्याला आता लेआउटमधल्या प्रत्येक उंबरठ्याची लेव्हल पाठ होती.

रस्ता नेमका किती वर येणार हे विचारायला तो एका ऑफिसातही जाऊन आला. तिथल्या माणसाने सांगितलं, "रोड येईन तवा समजन." एवढं बोलणं ऐकायला त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आणि ते ऐकून त्याने जोतं अजून वर घेतलं. कंबरेपर्यंत.

मी भांडले. मोठमोठ्याने भांडले. शाळेत पोरांवर ओरडून माझा आवाज तसाही चांगला तयार झाला आहे.

"तुम्ही आईंना दुसऱ्या मजल्यावरून काढून पहिल्या मजल्यावर ठेवून राहिले, अजून काही नाही!"

"रॅम्प करू ना."

रॅम्पचा विषय निघाला म्हणून आम्ही इंजिनिअरकडे गेलो. त्याने कंबरेएवढ्या जोत्याला आमच्या पुढच्या मोकळ्या जागेत बसेल असा उतार काढून दाखवला. ती घसरगुंडी होती. काठी घेऊन चालणारं माणूस त्यावरून एकदाच उतरलं असतं. मी म्हटलं, सावकाश उताराचा काढा. त्याने काढला. तो अंगणभर वळसे घेत गाडीच्या जागेतून जात होता.

तिथे सगळं अडलं. गाडीची जागा, म्हणजे पोर्च, कोपऱ्यात, रस्त्याला लागून, जमिनीबरोबर. नवऱ्याने नुकतीच गाडी बुक केली होती.

"मग गाडी कोठी ठेवू?" तो म्हणाला.

 मी घरी येईपर्यंत दम धरला आणि दार लावल्याबरोबर सुरू झाले. गाडीला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून गाडीला जमिनीबरोबर जागा. वर छप्पर, खाली फरशी, रस्ता समोर. आणि जिला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून हे सगळं मांडलं, ती वर! गाडीला गुडघे आहेत का? गाडी गॅलरीत बसून रडते का? आई आत झोपल्या आहेत हेही मला भान राहिलं नाही. नवरा ऐकून घेत होता. मग त्याचाही तोल गेला.

"तुले काय वाटते, मी शेजाऱ्याची जिरवाले हे करून राहिलो? घरात पाणी शिरलं तं आईले घेऊन मी कोठी पळू? सांग! तिले पळता येते?"

आणि मग त्याने मला ते सांगितलं, जे त्याने लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तो लहान असताना एका पावसाळ्यात कान्हनचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं होतं. पहाटे जाग आली तेव्हा खाटेच्या खाली पाणी आणि त्याची चप्पल दाराकडे वाहत निघालेली. वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून त्याला दिसलं की आई मागे राहिली आहे, पाण्यात उभी, डोक्यावर दाण्यांचं पोतं. तो ओरडत होता आणि वडील थांबत नव्हते. एवढंच त्याला आठवतं. पुढचं काही आठवत नाही.

 माझा राग गेला नव्हता, पण कुणावर काढायचा ते समजेना. त्याची भीती खरी होती. माझं म्हणणंही खरं होतं. आणि जोतं कंबरेपर्यंत आलं.

विटांच्या कामाला पाणी मारलं, आत मुरूम टाकला, पाणी सोडून धुम्मसने ठोकून ठोकून बसवला. वरून पाहिलं तर मोकळं मैदान. लेआउटमध्ये आमचं जोतं सगळ्यांत उंच झालं होतं. काका रस्त्यावरून मान वर करून 'वा!' म्हणाले. शेजारी काही म्हणाला नाही, आणि तेच नवऱ्याला जास्त आवडलं. तो म्हणाला, आता आईला आणू. घरावर पहिलं पाऊल तिचं पडू दे.

पुन्हा ती खुर्ची, ते जिने, ते मिटलेले डोळे. पुन्हा ऑटो. प्लॉटवर उतरल्यावर आईंनी समोर पाहिलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या पांढऱ्या रेषा शोधत असाव्यात. समोर त्यांच्या कंबरेपर्यंत विटांची भिंत होती.

"माही खोली कोठी गेली?"

"वर हाय, आई. चाल, दाखवतो," नवरा म्हणाला. पायऱ्या अजून बांधल्या नव्हत्या. मजुरांनी एक फळी टेकवली होती, ती आईंच्या कामाची नव्हती. ठेकेदाराने दोन मजूर बोलावले, कामावरच्या चौकीदाराच्या शेडमधून खुर्ची आणवली, आणि आईंना बसवून वर उचललं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी ते पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं असणार, पण तो 'सांभाळून, सांभाळून' करत होता.

वर खुर्ची टेकली. आईंनी डोळे उघडले. नवरा त्यांना हात करून दाखवत होता, ही तुझी खोली, इथून खिडकी, इथून मोरी. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. रस्त्याने भाजीचा ठेला चालला होता. ठेलेवाल्याच्या टोपीवर त्यांची नजर गेली.

"इथूनबी डोस्कीच दिसते गा," आई म्हणाल्या.

 ठेकेदाराने फोन काढून पाहिला, जो वाजला नव्हता. मला खरं म्हणजे 'घ्या!' असं ओरडावंसं वाटत होतं, पण नवऱ्याचा चेहरा पाहिला. थोड्या वेळाने आई म्हणाल्या, "मले खाली ठेवा." जाळीपाशी म्हणाल्या होत्या तेच.

खाली उतरवल्यावर त्या काठी टेकत चालायला लागल्या, आणि कुठे निघाल्या ते कळायच्या आत चौकीदाराच्या शेडमध्ये जाऊन बसल्या. शेड कोपऱ्यात, पोर्चच्या जागेवर, टिनाची. घर झालं की मोडायची होती. चौकीदार आणि त्याची बायको तिथे राहायचे. बायको सावनेरकडची. ती दारात सुपात तांदूळ निवडत होती. आईंनी दुसरं सूप ओढून घेतलं. पाच मिनिटांत तिचं माहेर निघालं, माहेराहून खापा निघालं, आणि खाप्यात दोघींच्या ओळखीचा बांगड्यावाला निघाला. भाजीचा ठेला परत आला तेव्हा आईंनी त्याला थांबवलं, वांग्यांना नावं ठेवली आणि वांगी घेतली. काका फिरायला निघाले होते, तेही थांबले. शेडच्या दारात रस्त्यावरून येणारं माणूस आणि आत बसलेलं माणूस यांची तोंडं समोरासमोर येत होती. मी दुपारभर हे पाहत होते.

ऊन उतरलं तेव्हा नवरा न्यायला आला. "आई, चाल आता. थकली असशीन."

"मी काहून थकू?" त्या म्हणाल्या. "बाबू, माही खोली इथंच बांध."

"इथं कुठं आई? हे तं मोडाचं हाय. इथं गाडी येते."

"गाडी वर ठेव ना. तुह्या गाडीले मजुरं उचलून देतीन."

चौकीदाराच्या बायकोने पदर तोंडाला लावला. ठेकेदार पुढे आला आणि लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला, "आजी, खाली बांधलं तं पाणी येईन ना घरात."

"येईन."

"मग?"

"मग का? पुसून काढन मी. आमच्या घरात नोहतं आलं का कान्हनचं पाणी?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुले तं आठवत नसन, लहान होता तू. सकाळी आलं, दुसऱ्या दिवशी गेलं. तुह्या बापानं अन् मी घर पुसलं, चूल नवी घातली, अन् भाजी-भाकर खाल्ली. पाणी येते बाबू, अन् आपल्या पायानं निंघून जाते. मीच जाऊ शकत नाई कोठी."

नवरा उभा होता. मला वाटलं तो सांगेल, मला आठवतं म्हणून, चप्पल, पोतं, खांदा. त्याने सांगितलं नाही.  मग त्याने मिस्त्रीला चुना आणायला सांगितला.

चुना त्याने स्वतःच टाकला. शेडच्या भोवतीने, पोर्चची सगळी जागा घेऊन. हात सवयीचा नव्हता, त्यामुळे रेष जाड-बारीक आली. रस्त्याच्या बाजूला त्याने ती तोडली आणि दार ठेवलं. मोरी-संडासाची जागा जोत्याच्या भिंतीकडे धरली. गाडी रस्त्यावर राहील, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, लोकांच्या राहतात तशी.  पोर्च गेला होता, नकाशा पुन्हा काढावा लागणार होता, इंजिनिअर पुन्हा महिनाभर हाती लागणार नव्हता. त्या सगळ्याचा वैताग मला तिथे उभ्या उभ्याच यायला लागला होता.

आणि तेवढ्यात ठेकेदार म्हणालाच. "ठीक हाय सर, करू. पण हेबी थोडंसं उचलाच लागन. अगदी जमिनीबरोबर नाई चालत. थोडंसं तरी वर घ्या."

नवऱ्याचा हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. नळी पिशवीतच होती. तो रस्त्याकडे पाहायला लागला, मग काकांच्या फाटकाकडे, मग शेजाऱ्याच्या विटांकडे. मला वाटलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"किती घेऊ?" तो म्हणाला. हे तो कुणाला विचारत होता ते त्यालाच माहीत.

आई उठल्या. दारासाठी रेष तोडली होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या. एका हाताने काठी धरली, दुसऱ्या हाताने लुगडं जरा वर घेतलं, आणि उजवा पाय उचलला. पाय थरथरत होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि तो अजून वर यावा म्हणून त्या जोर लावत होत्या, पण तो तिथवरच आला. आमच्यापैकी कुणी कधी त्यांना हे विचारलं नव्हतं. इतके रविवार नळी घेऊन फिरलो आम्ही.

"लवकर पाहून घे बाबू," त्या म्हणाल्या. "जास्त वेळ नाई धरवत मले."

नवरा खाली बसला. शेजारी विटा पडल्या होत्या, त्यातली एक त्याने आडवी करून त्यांच्या पायाखाली सरकवली. वीट बसली. तिच्यावर दुसरी मावली नसती.

आईंनी पाय विटेवर टेकला आणि आत आल्या.